छोट्या कॅबिनेटचा गेमिंग पीसी, कमी बजेट आणि नागपूरचा उन्हाळा: आधी काय घ्यायचं, नंतर काय

छोट्या डब्याच्या पीसीचं अपग्रेड मोठ्या टॉवरच्या हिशोबाने करता येत नाही. टॉवरमध्ये पैसे असले की ग्राफिक्स कार्ड आणलं, लावलं, झालं. छोट्या डब्यात तीन गोष्टी अडवतात, जागा, वॅट आणि गरमी, आणि आपल्या नागपुरात ह्यातली गरमी बाकी दोघींच्या पुढे उभी राहते. पुण्या-मुंबईचे लोक व्हिडिओत जे कार्ड ७० डिग्रीवर चाललेलं दाखवतात तेच कार्ड आपल्याकडे नवतपात, म्हणजे मे अखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, बंद खोलीत कुठे जाऊन पोचते ते विचारू नका. म्हणून मी इथे जो क्रम सांगतोय तो "सगळ्यात भारी पार्ट कोणता" ह्याचा नाही, आपल्या डब्यात बसून मे महिन्याच्या दुपारीही जो पूर्ण ताकदीने चालेल तो पार्ट कसा निवडायचा ह्याचा आहे. क्रम पाळला तर पैसेही कमी लागतात, कारण अर्ध्या लोकांचं काम पहिल्या दोन-तीन पायऱ्यांतच होऊन जाते.

पहिले आपला डबा ओळखा

छोटे पीसी साधारण तीन प्रकारचे राहतात. एक म्हणजे ऑफिसांतून निघालेले स्लिम पीसी, डेलचा ऑप्टिप्लेक्स, एचपीचा एलिटडेस्क, लेनोवोचा थिंकसेंटर वगैरे, जे रिफर्बिश्ड होऊन बाजारात येतात. बजेट खरंच कमी असेल तर सुरुवातीला हेच घ्या असं माझं स्पष्ट मत आहे. दुसरा, मिनी-आयटीएक्स बोर्डवर आपण असेंबल केलेला. हा बोर्ड १७० बाय १७० मिलिमीटरचा, कार्डाला एकच स्लॉट, रॅमचे बहुतेक दोनच. तिसरा, मॉनिटरच्या मागे टांगता येतो तो एक लिटरवाला टायनी किंवा मायक्रो. ह्या तिसऱ्यात बहुतेक मॉडेलमध्ये ग्राफिक्स कार्डाला जागाच नसते, रॅम आणि एसएसडी बदलली की अपग्रेड संपलं, म्हणून फक्त गेमिंगसाठी तो घेऊ नका भाऊ, कितीही स्वस्त मिळू द्या.

अजून पीसी घ्यायचाच असेल तर एक गोष्ट पक्की धरा. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० (सुरक्षेची चिप) लागते. दुकानात सहाव्या-सातव्या पिढीचा आय-५ फार स्वस्तात दिसेल, मोह होईल, पण आय५-६५०० ला चार कोअर आणि चारच थ्रेड आहेत, आय५-८५०० ला सहा कोअर आहेत, आणि आजच्या गेममध्ये हा फरक सरळ जाणवतो. त्यात व्हॅलोरंट खेळणाऱ्यांना विंडोज ११ वर टीपीएम आणि सिक्युअर बूट चालू असल्याशिवाय गेम सुरूच होत नाही. थोडे जास्त द्या, आठवी पिढी घ्या.

आता कॅबिनेट उघडा आणि पट्टी घेऊन मोजा. कार्डाच्या स्लॉटपासून समोरच्या बाजूपर्यंत किती मिलिमीटर, स्लॉटच्या शेजारी दुसरा स्लॉट मोकळा आहे की लगेच पॉवर सप्लाय लागतो, कार्ड स्क्रूने बसवायची मागची पट्टी अर्ध्या उंचीची आहे की पूर्ण, प्रोसेसरच्या वर झाकणापर्यंत किती उंची. मग पॉवर सप्लायवरचं स्टिकर वाचा आणि १२ व्होल्टवर किती अँपिअर लिहिले आहेत ते लिहून घ्या. हे सगळं मोबाईलमध्ये फोटोसकट ठेवा, दुकानात उभं राहिल्यावर हेच कामात येते.

गेम चालवून पाहा, अडतंय कुठे

एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबतचा रिव्हाट्यूनर टाका, दोन्ही फुकट आहेत. स्क्रीनच्या कोपऱ्यात जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स कार्डाच्या चिपचा वापर, जीपीयू तापमान, प्रोसेसरच्या प्रत्येक कोअरचा वापर आणि तापमान, रॅम, ग्राफिक्स मेमरी, क्लॉक (चिप किती वेगाने चालतेय) आणि एफपीएस (सेकंदाला किती फ्रेम) एवढं दिसू द्या. मग तुम्ही रोज जो गेम खेळता तोच गेम अर्धा तास खेळा, आणि शक्यतो दुपारी तीनच्या सुमारास, सकाळी सातला केलेलं टेस्टिंग आपल्याकडे काही कामाचं नाही.

जीपीयू वापर सतत ९५ ते ९९ टक्के असेल आणि एफपीएस कमी असतील तर ग्राफिक्स कार्ड कमी पडतंय. जीपीयू ५०-६० टक्क्यांवर लोळतोय आणि एखाद-दोन कोअर फुल भरलेले दिसताहेत तर प्रोसेसर किंवा रॅम अडवतेय, तिथे नवीन कार्ड लावून पैसे वाया जातील. व्हॅलोरंट, सीएस २ ह्या गेममध्ये हे फार होते, ते प्रोसेसरवर जोर देतात, तर सायबरपंकसारखा गेम कार्डाला पिळून काढतो. रॅम काठोकाठ भरली आणि मधूनमधून गेम अडखळतोय तर रॅम. आणि पहिली दहा मिनिटं छान चालून मग क्लॉक खाली येताहेत, तापमान वर जाऊन थांबलंय, एफपीएस घसरताहेत, तर राजेहो पार्ट चांगले आहेत, हवा मिळत नाहीये. हे शेवटचं नागपुरात इतकं कॉमन आहे की एप्रिल-मे मध्ये कोणी "पीसी स्लो झाला, नवीन कार्ड सुचवा" म्हटलं की मी पहिले तापमानच विचारतो.

अजून एक, सरासरी एफपीएसवर भुलू नका. "१ टक्का लो" नावाचा आकडा दिसतो, म्हणजे सगळ्यात वाईट एक टक्का क्षणांतले एफपीएस, तो पाहा, गेम हाताला अडखळल्यासारखा वाटतो तो ह्या आकड्यामुळे. सरासरी ९० आणि हा २५ असेल तर खेळायला मजा येणार नाही, आणि बरेचदा त्याचं कारण एकच रॅमची काडी किंवा भरलेली ड्राइव्ह राहते.

पैसे काढण्याआधीची कामं

बायोसमध्ये, म्हणजे पीसी सुरू होताना उघडता येणाऱ्या बोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन रॅमचा एक्सएमपी प्रोफाइल (रॅमला तिच्या लिहिलेल्या वेगाने चालवणारी सेटिंग) चालू आहे का ते पाहा, एएमडीच्या काही बोर्डांवर ह्याला डीओसीपी म्हणतात. ३२०० स्पीडची रॅम घेऊन वर्षानुवर्षं २१३३ वर चालवणारे खूप लोक आहेत. ऑफिसवाल्या पीसीत ही सोय बहुतेक नसते, ते सोडून द्या.

मग साफसफाई. मागच्या मालकाच्या काळापासून प्रोसेसरवरची थर्मल पेस्ट वाळून खडखडीत झालेली असते. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, नवीन वाटाण्याच्या दाण्याएवढी लावा, कूलर तिरपे-तिरपे स्क्रू आवळून बसवा. धूळ ब्लोअरने उडवताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या बाजूला राहणाऱ्यांकडे राखेची बारीक धूळ येते, ती कूलरच्या फिन्सच्या, म्हणजे पातळ पत्र्यांच्या मध्ये बसते आणि बाहेरून दिसतही नाही, म्हणून तिकडे हे काम जरा जास्त वेळा करा.

एफपीएसला लिमिट लावा. मॉनिटर ६० किंवा ७५ हर्ट्झचा असेल तर सिंगल प्लेअर गेममध्ये १४० एफपीएस काढून फक्त उष्णता तयार होते, रिव्हाट्यूनरमध्ये मॉनिटरएवढी मर्यादा टाकली की कार्ड लगेच थंड पडते. ह्यानंतर पुन्हा तीच अर्ध्या तासाची टेस्ट करा. काम भागलं असेल तर पैसे खिशात ठेवा.

रॅम

८ जीबीची एकच काडी असेल तर पहिला खर्च इथे. दोन काड्या लावल्या की ड्युअल चॅनल, म्हणजे दोन्ही काड्यांतून एकदम डेटा येणं, चालू होते, आणि तुम्ही वेगळ्या कार्डाशिवाय प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सवर, म्हणजे समजा रायझन ५ ५६००जी वर खेळत असाल तर हा फरक फारच मोठा राहतो, कारण आतला ग्राफिक्स हीच रॅम वापरतो. ८ अधिक ८ म्हणजे १६ जीबी, एवढं आज बजेट गेमिंगला पुरते. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव खूप चढले आहेत, त्यामुळे दोन नवीन काड्यांच्या सेटपेक्षा आहे त्याच स्पीडची एक काडी वापरलेली मिळाली तर तीच घ्या, रॅम सेकंडहँड घ्यायला सगळ्यात बिनधोक वस्तू आहे. घेतल्यावर रात्रभर मेमटेस्ट (रॅम तपासणारं सॉफ्टवेअर) चालवून पाहा, एकही एरर आली तर परत.

स्पीडसाठी जास्त पैसे देण्याआधी बोर्ड पाहा. आय५-८५०० वाला ऑफिस पीसी २६६६ च्या वर जात नाही, तिथे ३६०० ची रॅम लावली तरी ती २६६६ वरच चालणार. रायझन ५००० ला मात्र ३२०० ते ३६०० चा फायदा होतो. टायनी पीसीत लॅपटॉपवाली छोटी रॅम लागते. आणि मिनी-आयटीएक्समध्ये वर उंच फिन्स, लाइटिंग असलेली रॅम घेऊ नका, बुटका कूलर तिच्यावरच अडतो.

एसएसडी

हार्ड डिस्कवर गेम असतील तर एसएसडी घ्या, ह्यात विचार करण्यासारखं काही नाही. साटा, म्हणजे जुन्या जोडणीची एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी देते, एनव्हीएमई, म्हणजे नव्या वेगवान जोडणीची तिसऱ्या पिढीची साडेतीन हजारापर्यंत जाते, पण बहुतेक गेमच्या लोडिंगमध्ये हा फरक काही सेकंदांचाच दिसतो. म्हणून वेगापेक्षा जागा पाहा, ५०० जीबीची महागडी घेण्यापेक्षा १ टीबीची साधी बरी. बोर्डवरचा एम.२ स्लॉट, म्हणजे काडीसारखी एसएसडी बसते तो, एनव्हीएमई घेतो की फक्त साटा हे मॅन्युअलमध्ये पाहून घ्या.

ग्राफिक्स कार्ड

इथे घाई करायची नाही. पहिली गोष्ट वॅटची. मदरबोर्डचा लांब स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. ऑफिसवाल्या स्लिम पीसीचा पॉवर सप्लाय साधारण १८० ते २६० वॅटचा राहतो आणि त्यातून कार्डाला वेगळी वायर निघत नाही, म्हणजे तुमची यादी आपोआपच ७५ वॅटच्या आतल्या, अर्ध्या उंचीच्या, ज्याला लो प्रोफाइल म्हणतात त्या कार्डांपुरती उरते. त्यात कामाची नावं मोजकीच.

आरटीएक्स ३०५० ची ६ जीबीवाली, फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, ७० वॅट, वेगळी वायर लागत नाही, लो प्रोफाइलमध्ये मिळते. आज नवीन घ्यायचं असेल तर स्लिम पीसीसाठी माझी पहिली पसंती हीच. डीएलएसएस, म्हणजे कमी रिझोल्यूशनवर काढलेलं चित्र मोठं करून एफपीएस वाढवणारी सोय, चालते, त्यामुळे जड गेमही १०८०पी रिझोल्यूशनवर सेटिंग थोडी खाली आणून खेळता येतात. पण नाव नीट वाचा, आरटीएक्स ३०५० ची ८ जीबीवालीही आहे, ती १३० वॅटची आणि तिला आठ पिनची वायर लागते, दुकानदार नुसतं "तीस पन्नास" म्हणून पुढे करेल आणि घरी आल्यावर डोक्याला हात. जीबी विचारा, वॅट विचारा, बॉक्सवर पाहा.

जीटीएक्स १६५० सेकंडहँडमध्ये भरपूर फिरते, ७५ वॅटची, व्हॅलोरंट, जीटीए ५ सारख्या गेमला अजूनही चालते. ४ जीबी मेमरी मात्र नव्या गेमना कमी पडते आणि डीएलएसएस नाही. हिच्याही काही मॉडेलना सहा पिनची वायर लागते, ते नको, आपल्याला बिनवायरची हवी.

आरएक्स ६४०० स्वस्त, ५३ वॅटची, एका स्लॉटच्या जाडीत येते, त्यामुळे ज्यांच्या डब्यात शेजारी लगेच पॉवर सप्लाय आहे त्यांना दुसरा पर्याय फारसा नाही. पण ती फक्त चार लेन, म्हणजे बोर्डाशी डेटा नेणारे चारच रस्ते वापरते. बोर्डाचा पीसीआय स्लॉट (कार्ड बसते तो) चौथ्या पिढीचा असेल तर ठीक, आठव्या ते दहाव्या पिढीच्या इंटेलवर किंवा ५६००जी वर तो तिसऱ्या पिढीचा आहे, तिथे तिचा रस्ता अर्धा होतो आणि ४ जीबी मेमरी भरली की गेम जोरात अडखळतो. शिवाय व्हिडिओ एन्कोडर नाही, स्ट्रीमिंग करायचं असेल तर हिचा विचार सोडा.

इंटेलची आर्क ए३८० कागदावर छान दिसते, ६ जीबी आहे, पण तिला रिसायझेबल बार, म्हणजे प्रोसेसरला कार्डाची पूर्ण मेमरी एकदम वापरू देणारी सेटिंग, चालू लागतो आणि जुन्या ऑफिस पीसीच्या बायोसमध्ये तो सहसा नसतो. ज्यांच्या बोर्डवर आहे त्यांनीच घ्यावी.

मिनी-आयटीएक्सवाल्यांना जास्त मोकळीक आहे, तिथे पॉवर सप्लाय ४५०-५५० वॅटचा चांगल्या कंपनीचा असेल तर मोठं कार्डही चालते. तरी लांबी आणि जाडी कॅबिनेटच्या साइटवर लिहिलेल्या मापाशी ताडून पाहा, आणि वायर वळायला साधारण दीडेक सेंटीमीटर जागा वेगळी धरा, ते कोणी मोजतच नाही. दोन पंख्यांचं आखूड कार्ड तीन पंख्यांच्या लांबलचक कार्डापेक्षा छोट्या डब्यात नेहमी सोयीचं पडते.

सेकंडहँड कार्ड घेताना विकणाऱ्याच्याच घरी चालवून पाहा. जीपीयू-झेड (कार्डाची माहिती दाखवणारं सॉफ्टवेअर) उघडा, नकली कार्ड असेल तर बरेचदा नावासमोर तसं सरळ लिहून येते, बायोस बदलून जुन्या कार्डाला नवीन नाव दिलेला माल बाजारात आहे. मग फरमार्क, म्हणजे कार्डावर पूर्ण जोर टाकणारी टेस्ट, दहा-पंधरा मिनिटं, स्क्रीनवर ठिपके-रेषा येतात का, पंखा खरखरतो का, तापमान चढतच राहते का. इथेरियम ह्या क्रिप्टो चलनाचं मायनिंग, म्हणजे कार्डं रात्रंदिवस चालवून ते कमावणं, सप्टेंबर २०२२ मध्ये बंद पडल्यावर खूप कार्डं बाजारात उतरली, त्यातलं एखादं तुमच्यासमोर येऊ शकते. मायनिंगचं कार्ड म्हणजे खराबच असं नाही, पण पंखे आणि थर्मल पॅड बदलायचा खर्च भावात धरून बोला. आरएक्स ५८० स्वस्त मिळते म्हणून छोट्या डब्यासाठी उचलू नका, ती १८५ वॅट खाते.

पॉवर, यूपीएस आणि एक धोक्याची वायर

हिशोब साधा आहे. प्रोसेसर ६५, कार्ड ७०, बाकी बोर्ड-रॅम-ड्राइव्ह-पंखे मिळून ३०-४०, म्हणजे पावणेदोनशेच्या आसपास. ऑफिस पीसीचा २०० वॅटचा सप्लाय ह्यात निभावतो पण त्याच्या पुढे जायचं नाही. काही लोक साटाच्या वायरला अडॅप्टर लावून सहा पिन काढतात. साटाचा कनेक्टर १२ व्होल्टवर साडेचार अँपिअरसाठीच बनलेला आहे, म्हणजे ५४ वॅट, आणि सहा पिनवर कार्ड ७५ वॅट ओढू शकते. कनेक्टर वितळतो, आग लागू शकते. ही गोष्ट कृपा करून कोणीच करू नका, दुकानदाराने "चालते भाऊ" म्हटलं तरी नाही.

मिनी-आयटीएक्समध्ये छोट्या आकाराचा एसएफएक्स सप्लाय लागतो की साधा मोठा एटीएक्स बसतो ते आधी पाहा, एसएफएक्स महाग येतो. सप्लायवर पैसे वाचवू नका, आणि हा एकच पार्ट मी सेकंडहँड घ्यायला सांगणार नाही.

उन्हाळ्यात ट्रिपिंग, मग वळवाच्या पावसात लाईट जाणं-येणं, हे आपल्याकडे होतेच. म्हणून एक यूपीएस बजेटमध्ये धरा. ६०० व्हीएचा म्हणजे साधारण ३६० वॅट, स्लिम पीसी आणि मॉनिटरला पुरतो, मोठ्या कार्डवाल्यांनी १००० चा घ्यावा. प्लगला अर्थिंग आहे का ते इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या, किरायाच्या खोलीत तर नक्कीच, कॅबिनेटला हात लावला की झिणझिण्या येत असतील तर अर्थिंग नाही.

गरमी

बंद डब्यातलं तापमान खोलीच्या तापमानासोबत चढते, खोली १० डिग्रीने तापली की पार्टही साधारण तेवढेच वर जातात. जानेवारीत ७० वर चालणारं कार्ड मे मध्ये विनाकारण ८५ ला पोचत नाही. म्हणून हिवाळ्यात अपग्रेड केलं तर १५ डिग्रीची सूट ठेवूनच निवडा.

पंखे घेण्याआधी ही टेस्ट करा. झाकण लावून अर्धा तास गेम, तापमान लिहा. झाकण काढून पुन्हा अर्धा तास. झाकण काढल्यावर १० डिग्री किंवा जास्त उतरलं तर डब्यात हवा खेळत नाहीये, पंखा लावा किंवा कॅबिनेटची जागा बदला, प्रोसेसरचा कूलर बदलून काही होणार नाही. दोन-तीनच डिग्री उतरलं तर हवा ठीक आहे, कूलर किंवा पेस्ट पाहा. ह्या एका टेस्टने चुकीची खरेदी वाचते.

पंखा घेताना जाडी पाहा, साधे पंखे २५ मिलिमीटर जाड राहतात, छोट्या डब्यात १५ मिलिमीटरचे स्लिम बसतात. आत हवा ओढणाऱ्या पंख्यांवर जाळी लावा. बुटका कूलर हवा असेल तर नॉक्टुआचा एनएच-एल९ए ३७ मिलिमीटर उंच आहे, थर्मलराइटचा एएक्सपी९०-एक्स४७ हा ४७ मिलिमीटर, जागा असेल तर दुसरा घ्या, तो स्वस्तही पडतो आणि थंडही जास्त ठेवतो. कार्ड अंडरव्होल्ट करणं, म्हणजे कमी व्होल्टेजवर चालवणं, तर फुकट आहे. आफ्टरबर्नरमध्ये कंट्रोल आणि एफ दाबलं की आलेख उघडतो, तिथे तोच क्लॉक कमी व्होल्टेजवर ठेवायचा, थोडं थोडं उतरवत जायचं, गेम क्रॅश झाला की एक पायरी वर.

आता घरच्या कूलरचं. वाळ्याच्या ताट्यांचा कूलर मे मध्ये खोली चांगलीच थंड करतो आणि पीसीलाही त्याचा फायदा होतो, फक्त पीसी त्याच्या सरळ झोतात ठेवू नका, ओलावा आणि बारीक तुषार आत जातात आणि जड पाण्याचा पांढरा थर फिन्सवर बसतो. भिंतीच्या दुसऱ्या बाजूला, जमिनीपासून वर, मागे वीतभर जागा सोडून ठेवा आणि समोरची खिडकी थोडी उघडी राहू द्या. पाऊस लागला की कूलरमधून फक्त दमट हवा येते, जुलैत तो बंद करून छताचा पंखा चालवा.

प्रोसेसर, शेवटी

ऑफिस पीसीत प्रोसेसर बदलायला फार वाव नसतो. एएमडीच्या एएम४ सॉकेटचा बोर्ड असेल तर मात्र लॉटरी आहे, रायझन ५ २६०० किंवा ३४००जी काढून ५६०० बसवला की मशीनच बदलून जाते, बोर्ड तोच, रॅम तीच. बी४५० बोर्डवर आधी जुना प्रोसेसर असतानाच बायोस अपडेट करावं लागते, आणि ते यूपीएस असल्याशिवाय सुरू करू नका, मध्येच लाईट गेली तर बोर्ड उठत नाही.

माझ्या मावसभावाचा स्लिम पीसी

आय५-८५००, ८ जीबीची एक काडी, हार्ड डिस्क, वेगळं कार्ड नाही, प्रतापनगरात वरच्या मजल्यावर खोली. त्याला पहिल्याच दिवशी कार्ड घ्यायचं होतं. आम्ही आधी पेस्ट बदलली, मग वापरलेली ८ जीबी काडी, मग १ टीबी साटा एसएसडी, आणि दोन महिने पैसे जमवून ३०५० ची ६ जीबीवाली लो प्रोफाइल. मधल्या दोन महिन्यांत तो व्हॅलोरंट कमी सेटिंगवर खेळतच होता, काही अडलं नाही.

खरेदी

बर्डीत, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात जायचं तर मोजमापाचे फोटो घेऊन जा, तीन-चार दुकानांत भाव विचारा, ऑनलाइनचा भाव मोबाईलवर उघडा ठेवा. ऑनलाइन थोडं स्वस्त दिसलं तरी कार्ड आणि पॉवर सप्लाय मी इथल्याच दुकानातून घेईन, बसलं नाही तर दुसऱ्या दिवशी बदलून घेता येते. जीएसटीचं पक्कं बिल मागा आणि त्यावर सिरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी तोच लागतो. कॅबिनेट छोटं आहे, बॅगेत घालून मेट्रोने सीताबर्डी इंटरचेंजला उतरा आणि कार्ड दुकानातच लावून पाहा, बहुतेक दुकानदार नाही म्हणत नाहीत.

जुनी हार्ड डिस्क विकू नका, यूएसबीच्या केसमध्ये टाका आणि गेमचे सेव्ह, फोटो तिच्यावर ठेवा. जुनं कार्ड मात्र लवकर विका, ठेवून ठेवून भाव उतरतो, आणि विकताना चालत्या मशीनमधला जीपीयू-झेडचा फोटो जोडा, घेणारा लवकर तयार होतो.